चौसाळ्याचा ठसका

आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बहुतेक नसेलच. या सदरातले लोकांचे अनुभव मी जेवताना वाचते आणि प्रत्येक अनुभव संपला की 'पित्त झालं असेल' म्हणून ताट उचलते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा... हे मला कधी दिसलं नाही. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला दिसायची त्यांची हिंमतही झाली नसती, कारण माझे पप्पा.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. चौसाळ्यात हायवे सोडून आत आलं की विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आम्ही बौद्ध. रविवारी सकाळी विहारात वंदना, आणि वंदनेनंतर पप्पांचे 'दोन शब्द', जे ऐकताना लोक आधीच चपला शोधायला लागतात. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ आहेतच, पण कुठली प्रतिज्ञा कुणाला कधी ऐकवायची हेही पाठ आहे. गल्लीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली तर पप्पा ती तोडत नाहीत. घरमालकाला बाहेर बोलावतात आणि लिंबातल्या आम्लावर बोलायला लागतात. थोड्या वेळानं तो माणूस स्वतःच काढून टाकतो.

अशा घरातली मी, सुजाता, शिकायला जर्मनीला गेले. विषय सांडपाणी शुद्ध करण्याचा. पप्पा सगळ्यांना 'पाण्याचं शिकायला गेली' एवढंच सांगायचे. त्यावर चौकातले किराणावाले मामू म्हणाले होते, "गुरुजी, पाणी हितंच न्हाई, आन् पोरगी पाण्याचं शिकाया तिकडं कावून धाडली?"

"म्हणूनच धाडली," पप्पा म्हणाले. हे उत्तर त्यांना इतकं आवडलं, की नंतर महिनाभर ते लोकांनी तोच प्रश्न विचारावा म्हणून मामूंच्या दुकानापाशी थांबायचे.

जर्मनीतल्या त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या अग्निशमन दलाशी माझे संबंध अजून जरा नाजूक आहेत. पूर्वेकडचं छोटं गाव आहे. विद्यार्थ्यांचं वसतिगृह, तिसरा मजला, जिन्यापासून शेवटची खोली. खिडकीखाली सायकली लावायची जागा, पलीकडे सफरचंदाची झाडं. खोलीत पलंग, टेबल, कपाट, कोपऱ्यात छोटा ओटा आणि त्यावर विजेची शेगडी. आणि छताला तो. वाटीएवढा पांढरा डबा, मधे लाल टिपका. धूर झाला की बोंबलतो, आणि नुसता बोंबलून थांबत नाही, थेट बंबवाल्यांना कळवतो.

या सगळ्याचे मालक म्हणजे क्राउझे काका. मालक नव्हेत खरं तर, इमारतीची देखभाल करणारे. तिकडे त्यांना हाउसमाइस्टर म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ओठांवर मिशी, आणि चेहरा असा की हसले तर नोंद करावी लागेल. रुळायचे पहिले धडे मी त्यांच्याकडूनच शिकले. काचेची बाटली कुठल्या डब्यात, दह्याच्या भांड्याचं झाकण कुठल्या डब्यात, रविवारी मोठ्यानं काहीही वाजवायचं नाही, आणि बाहेर बर्फ असला तरी रोज खिडकी सताड उघडून खोलीला हवा द्यायची. शेवटचं मला कळेना. आपण थंडीत गोधडीच्या फटी बुजवतो आणि हे लोक पैसे देऊन तापवलेली खोली पुन्हा थंड करतात! पण केलं. परक्या गावात माणूस काहीही करतो.

चूक माझी एकदाच झाली, आणि ती कबूल आहे. गेल्यावर थोड्याच दिवसांत आमटीला सुक्या मिरच्यांची फोडणी दिली. डबा बोंबलला. अख्खी इमारत चपला-पायजम्यात खाली उभी, दोन लाल बंब आले, आणि वर जाऊन आलेल्या हेल्मेटवाल्या माणसानं माझं पातेलं हातात धरून खाली आणलं. सगळ्यांसमोर. क्राउझे काकांनी माझी माफी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "फ्राऊ सुजाता, ही पहिली ताकीद."

त्या दिवसापासून मी बिनफोडणीचं वरण खायला लागले. उरलेल्या मिरच्या टाकून दिल्या (ओल्या कचऱ्याच्या डब्यात, काकांना विचारून). खोलीत मिरची औषधालाही उरली नाही. हे नीट लक्षात ठेवा.

मग पहिला बर्फ पडला. मी लाल टोपी घालून फोटो काढला आणि घरी पाठवला. आईनं तो स्टेटसला ठेवला, 'माझी लेक जर्मनी'. अख्ख्या चौसाळ्यानं पाहिला. समोरच्या शांतामावशी म्हणाल्या, "पोरगी किती गोरी झाली गं, वळकू बी यीना." झालं! मी गोरी-बिरी झाले नव्हते, थंडीनं नाक लाल झालं होतं. पण आई त्या दिवसापासून शांतामावशींकडे साखर मागायला जायची बंद झाली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी टेबलापाशी वाचत बसले होते. शेगडी बंद, खिडकी बंद, दार बंद. आधी नाकात काहीतरी चावलं. मग घशात. मग असा ठसका लागला की पुस्तक हातातून पडलं. मिरची जळल्याचा वास... ओळखीचा, घरचा. मी इकडेतिकडे बघतेय तोवर डबा बोंबलला. शेजारच्या खोलीतली लेना दार उघडून बाहेर आली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि खोकत खोकत म्हणते कशी, "सुजाता, पुन्हा?"

क्राउझे काका आले. शेगडीवर तळहात ठेवला. थंडगार. वास घेतला. कपाट उघडलं, आत ओट्सचं पाकीट. परत शेगडीवर हात ठेवला, जणू दुसऱ्यांदा विचारलं तर ती खरं बोलेल.

"इथं मिरची जळली आहे," ते म्हणाले.

"माझ्याकडं मिरचीच नाही," मी म्हणाले. तेव्हाही मी खोकतच होते, त्यामुळे ते काही पटण्यासारखं वाटलं नसणार.

दुसरी ताकीद मिळाली. तिसऱ्या वेळी खोली सोडायची. वाचणाऱ्यांना वाटेल, सोडायची तर सोडायची, दुसरी बघायची. त्या गावात विद्यार्थ्याला खोली मिळणं म्हणजे काय ते तिथं जाऊन आलेल्यांना विचारा. लोक ओळखीच्यांच्या सोफ्यावर सेमिस्टर काढतात. आणि नोंदवलेला पत्ता नसेल तर पुढचे कागद अडतात, कागद अडले की मुक्काम संपला. मी खोली गमावली असती तर थेट बीडच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरले असते आणि चौसाळ्यापर्यंत प्रत्येकानं विचारलं असतं, "आली का परत?"

त्यानंतर मी सावध झाले. आणि लक्षात आलं की हे परत परत होतंय. दर मंगळवारी नाहीतर शनिवारी, दुपार कलताना. नाकात चावलं की मी एका हातानं खिडकी उघडायची, टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायची आणि त्या डब्याला वारा घालायची. मोठ्या साहेबाला घालावा तसा, मनापासून. तो बोंबलायच्या आत धूर बाहेर गेला तर वाचलो. धूर म्हणतेय खरं, पण दिसायचं काहीच नाही. नुसता ठसका. वरच्या मजल्यावर कुणी काही जाळतं का बघून आले, तिथे तर रिकामी गच्ची. लेनानं मला एका डॉक्टरचं नाव सुचवलं. छातीचा डॉक्टर नव्हता तो.

मग एका मंगळवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे दिवेलागण झालेली. पप्पा या वेळी वर्तमानपत्र वाचायला स्टँडकडे गेलेले असतात. आई मागच्या अंगणात, न्हाणीसमोरच्या पाणी तापवायच्या चुलीपाशी होती. तिनं फोन बादलीला टेकवून ठेवला.

"सुजे, अशीच बस. हलू नगं जरा."

"काय करतेस?"

"काय न्हाई गं. बोल तू."

आणि माझ्यासमोर आईची मूठ स्क्रीनभोवती फिरायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा... ओठ हलत होते. मुठीत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. माझी आई, विज्ञानाच्या गुरुजींची बायको, वंदनेला पहिल्या रांगेत बसणारी बाई, व्हिडिओ कॉलवर माझी दृष्ट काढत होती!

"आई!"

"गप. मधी बोलू न्हाई." तिनं मूठ चुलीत उलटी केली. मिरच्या तडतडल्या, काळा धूर थेट तिच्या तोंडावर आला. ती चुलीवर वाकून वास घेत राहिली. खोकली नाही, शिंकली नाही, डोळेसुद्धा चोळले नाहीत. "बघ! हाय का जरा तरी ठसका? चार मिरच्या टाकल्या, तरी न्हाई. लई कडक नजर लागलीया तुला. शांताबाईचीच हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दृष्टीच्या मिरच्या जळताना ठसका आला तर सगळं ठीक. आला नाही तर नजर मोठी, असं आपल्याकडे बायका मानतात. आईला महिनाभर एकदाही ठसका आला नव्हता. म्हणून ती दर वेळी मिरच्या वाढवत होती.

आणि इकडे, तिचं वाक्य पुरं होतंय तोवर, माझ्या नाकात चावलं.

मी फोन टाकून टॉवेल घेतला, खुर्चीवर चढले, वारा घातला. डबा वाचला. मी खोकून खोकून लाल. पलंगावर पडलेल्या फोनमधून आई ओरडत होती, "सुजे! काय झालं गं? आगं कावून खोकती?"

मी तिला सगळं सांगितलं. शनिवार, मंगळवार, ठसका, काका, ताकीद. मला वाटलं ती घाबरेल. तिचा तर चेहरा उजळला.

"म्हंजी पोचतंय म्हणायचं!"

पार्सलनं पाठवलेली कारळाची चटणी दोन वेळा परत आली होती, त्या बाईला हे कळलं की मिरचीचा धूर मात्र विनातक्रार जर्मनीला जातो. तिला आवरणं अवघड झालं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम वांगं भाजलं आणि फोन करून विचारलं, "आला का वास?" नाही आला. ठेचा केला, तोही नाही. मेथीची फोडणी, नाही. फक्त दृष्ट. आईचं म्हणणं पडलं, "ते खायाचं हाय, ते कसं यील? हे तुझ्यावरनं उतरलेलं हाय. तुझंच हाय, म्हणून तुझ्याकडं येतंय." आणि मी, पदव्युत्तर विद्यार्थिनी, मान हलवत होते.

पण खोलीचं मी तिला नीट समजावलं. एकदा जरी डबा वाजला तरी मी घरी. तिनं शपथ घेतली. बंद म्हणजे बंद. आणि खरंच, पुढचे दोन आठवडे खोलीत नुसती थंड, स्वच्छ, बिनवासाची हवा. कुणी खोकेना. मी मंगळवारी टॉवेल घेऊन उगाच बसून राहायचे. खरं सांगायचं तर मला करमेना.

मग अमावस्या आली.

मी वर्गात होते. वसतिगृहापाशी परत आले तर बंब उभा, अख्खी इमारत खाली, आणि क्राउझे काका माझ्याच वाटेकडे बघत. खोलीला कुलूप होतं. आत कुणी नव्हतं. पण धूर-यंत्र माझ्याच खोलीतलं वाजलं होतं, आणि जिन्यात सगळे खोकत होते. माझं म्हणणं, मी तर नव्हतेच. त्यांचं म्हणणं, शेगडी चालू ठेवून वर्गात गेलात, म्हणजे गुन्हा आणखी मोठा. खोली महिनाअखेर सोडायची.

आईला फोन केला. ती रडायलाच लागली. "दोन हप्ते काडली नव्हती गं बाई. साचलं आसंल म्हणून सगळं एकदाच काडलं..."

"किती मिरच्या?"

"मोजल्या न्हाईत."

आणि नेमके तेव्हाच पप्पा मागच्या दारात उभे होते.

पुढचं मी फोनवरूनच ऐकलं. पप्पांचा आवाज चढला नाही, उतरला. तो उतरला की भीती वाटते. "आपल्या घरात? माझ्या पाठीमागं?" आई म्हणाली, "तुमच्या म्होरं केलं आसतं तर करू दिलं आसतं का?" पप्पा म्हणाले, दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो. आई म्हणाली, सातवीच्या पोरांची लेक परदेशी न्हाई. दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून उमापूरला, मामाकडे निघून गेली. कारण सांगितलं भाचीचं बाळंतपण. भाची बाळंत होऊन सव्वा महिना उलटला होता.

ती गेली त्या संध्याकाळी मी पप्पांशी बोलले. न रडता बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. खोली, पत्ता, कागद, सगळं सांगितलं. पप्पांची एक पद्धत आहे. कुणाचं काम कुठल्याही कार्यालयात अडलं, की पप्पा जेवणाचा डबा घेऊन जातात आणि साहेबाच्या दारासमोर बसतात. भांडत नाहीत, नुसते बसतात. दुपारपर्यंत काम होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची पेन्शन त्या बसण्यानं सुटलेली आहे.

"त्या क्राउझे साहेबांच्या हापिसाबाहेर," पप्पांनी विचारलं, "बसायला बाक असतो का गं?"

"नसतो पप्पा."

"हं," ते म्हणाले. माझ्या पप्पांना काही सुचत नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि माझी खोली जाण्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढचा मंगळवार. क्राउझे काका खोली तपासायला आले. सोडण्याआधी भिंती, नळ, शेगडी, सगळं बघून घेतात. माझी बॅग पलंगावर भरून तयार. कपाट उघडं आणि रिकामं, ओट्ससुद्धा संपलेले. काकांनी भिंतीवर बोट फिरवलं, नळ सोडून बंद केला, आणि मग शेगडीपाशी गुडघ्यावर बसले. पांढऱ्या फडक्यानं तिची कड पुसून फडकं उजेडात धरलं. स्वच्छ.

आणि त्यांची मिशी हलली.

आधी मला वाटलं रडतात की काय. मग ते शिंकले. मग माझ्या नाकात चावलं... आणि मग जो ठसका आला! आईच्या सगळ्या मंगळवार-शनिवारची बेरीज केली तरी असा नव्हता. ओबडधोबड, राकट, कुणीतरी नवशिक्यानं पाठवलेला. मी भिंत धरली. काका एका हातानं शेगडी धरून खोकत होते. डबा बोंबलायला लागला. काकांनी डोळे पुसत शेगडीवर तळहात टेकवला. थंड. दुसरी कड. तीही थंड. रिकाम्या कपाटात डोकं घातलं. माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. मग लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "ही मिरचीच आहे. पण कुठं आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी खिडकी उघडली आणि पलंगावर माझ्या बॅगेशेजारी बसले. मी पाणी दिलं. ते प्याले. खाली बंबाचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते उठले, जाकीट नीट केलं आणि म्हणाले, "फ्राऊ सुजाता, हे तुम्ही नाही. मी स्वतः पाहिलं. किंवा... मी काहीच पाहिलं नाही, आणि तेच मी त्यांना सांगणार."

त्यांनी खरंच सांगितलं. कार्यालयात स्वतः गेले. डबा उतरवला, तपासला, निर्दोष निघाला. हवेच्या नळ्या तपासल्या, त्यात एका पक्ष्याचं जुनं घरटं सापडलं आणि त्या बिचाऱ्यावर सगळं ढकलण्यात आलं. नवा डबा बसला. खोली माझी राहिली.

बंब गेल्या गेल्या मी उमापूरला फोन लावला. "आई, परत शपथ मोडलीस ना?"

"म्या न्हाई!" आई म्हणाली. "आगं हितं माझ्या मांडीवर भाचीचं लेकरू हाय, आत्ताच दूध पिऊन झोपलंय. मिरचीला हात लावला आसल तर माझा हात झडंल. कावून? वाजलं का?" आणि मग आवाज बदलून, "मंग तुझी दिष्ट काडली कुणी?"

तेवढ्यात पप्पांचा व्हिडिओ आला.

पप्पा शाळेतल्या प्रत्येक उपक्रमाचा व्हिडिओ काढून वर पाठवतात, ती सवय. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला होता. आमचंच स्वयंपाकघर. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गॅससमोर उभे. घसा साफ केला आणि वर्गात उभे राहतात तसे बोलायला लागले.

"उद्देश. मिरचीचा धूर चौसाळ्याहून जर्मनीला जात नाही, हे पडताळून पाहणे. साहित्य. सुक्या लाल मिरच्या, मीठ, मोहरी, तवा, गॅसची शेगडी, आणि..." इथं ते अडखळले. "आणि मुलीचा फोटो."

हॉलमधला माझा दहावीचा फोटो त्यांनी खिळ्यावरून काढून ओट्यावर ठेवला होता. त्यांनी तो उचलला आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसली. एकदा पुसली, मग परत पुसली. हे साहित्यात नव्हतं आणि कृतीतही नव्हतं.

"कृती," ते म्हणाले आणि मिरच्यांची मूठ वळली. आई मोजत नाही, पण यांनी तर अर्धं पाकीट उचललं होतं. फोटोवरून पहिली फेरी घेतली आणि थांबले. दृष्ट काढताना काहीतरी पुटपुटायचं असतं एवढं त्यांना ठाऊक होतं. काय पुटपुटायचं ते या माणसानं आयुष्यभर कानावर पडू दिलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि जे येत होतं ते म्हणायला लागले.

"सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस..."

प्रत्येक फेरीला एक ओळ. सात सत्ते एकोणपन्नासला सातवी फेरी संपली. शेवटी शेवटी आवाज घोगरा झाला होता. मग त्यांनी मूठ तव्यावर उलटी केली. तडतड झाली, धूर उठला, चष्म्यावर आला. पप्पांना आईची साधी जिऱ्याची फोडणी सहन होत नाही, हॉलमध्ये बसून खोकतात. ते तव्यावर वाकले. चष्मा काढला, आणखी वाकले. जोरात श्वास घेतला.

"निरीक्षण," ते म्हणाले. "ठसका... आला नाही."

मग तव्याकडे बघत राहिले. मग फोटोकडे.

"अनुमान..."

हात पुढे आला, अंगठा कॅमेऱ्यावर आला, व्हिडिओ संपला.

मी तो परत लावणार तोच त्यांचा फोन आला. पप्पा स्वतःहून फोन करत नाहीत, आईच्या फोनमध्ये मागून डोकावतात. हवा कशी आहे विचारलं. जेवलीस का विचारलं. दोन्ही उत्तरं ऐकून घेतली नाहीत.

"तिकडं काही... वाजलं-बिजलं का गं?"

"वाजलं पप्पा. आणि खोली राहिली. काका इथंच होते, त्यांनी बघितलं मी काही केलं नाही ते." मी रडत होते, हसत होते आणि अजून खोकतही होते.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पप्पा म्हणाले, "योगायोग असणार."

"असणार," मी म्हणाले.

"पण बेटा, एका निरीक्षणावरून अनुमान काढता येत नाही. प्रयोग परत परत करावा लागतो." थोडं थांबून, हळूच, "पुढच्या मंगळवारी करून बघतो. आईला सांगू नको."

आईला सांगायची गरज पडली नाही. ती त्याच आठवड्यात उमापूरहून आली, भाकरी टाकायला तवा घेतला, वास घेतला, आणि कुणालाही ऐकू जाईल अशी ओरडली, "माझ्या भाकरीच्या तव्यावर?" त्यांच्यातलं भांडण तिथंच संपलं, कारण नवीन सुरू झालं. आता पप्पांना त्यांच्या प्रयोगासाठी वेगळा जुना तवा मिळाला आहे, आणि मिरच्या किती घ्यायच्या ते आई ठरवते. तीनच.

यामागं काय आहे, मला माहीत नाही. पक्ष्याचं घरटं केव्हाच काढलं. पप्पांच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं दर आठवड्याला भरलेलं असतं आणि अनुमानाची जागा कोरी असते. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, पण कृपा करून पित्त सांगू नका. क्राउझे काकांना पित्त नाही.

मी मात्र आता दर मंगळवारी दुपारी वर्गातून लवकर येते. खिडकी उघडते, टॉवेल घेऊन खुर्चीवर चढते आणि तिथं उभी राहून वाट बघते. कधी जरा उशीर झाला तर जीव खालीवर होतो. मग नाकात चावतं, ठसका येतो, आणि मला बरं वाटतं.